पांढऱ्या पावडरींचा कप्पा

माझ्या नवऱ्याला कारखान्यात सगळे कप्पेसाहेब म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण साहेबांना ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. मी आधी चिडवायला म्हणून म्हणायला लागले, मग तेच तोंडात बसलं. नोकरीभर त्यांनी एकच खोली सांभाळली, कारखान्याचं स्टोअर. छताला टेकलेले लोखंडी रॅक, रॅकला कप्पे, कप्प्यांत डबे. नट, बोल्ट, वॉशर, बेअरिंग, पट्टे. खिडकीशी येऊन उभ्या राहिलेल्या कामगाराच्या हाताला कसलं काळं लागलंय ते बघूनच त्याला काय हवंय ते आपण ओळखायचो, असं ते सांगतात. ते सांगतात आणि मी ऐकते. घरी मात्र त्यांना पाण्याचा पेलासुद्धा हातात द्यावा लागायचा.

कारखाना बंद पडला तेव्हा साहेबांचं वय मोठं अडनिडं होतं. निवृत्त म्हणावं तर लवकर, नवी नोकरी म्हणावी तर उशीर. त्यांनी अर्ज केले, इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतींना गेले. टेबलापलीकडे आमच्या मुलीच्या वयाची पोरं बसलेली असायची. "आम्ही कळवू, काका," असं ती म्हणायची. "काका म्हटलं की समजायचं, आटोपलं," असं साहेब घरी येऊन सांगायचे आणि कपडेही न बदलता एखादं कपाट आवरायला घ्यायचे.

कपाटं आमचीच, आणि त्यांत जीव माझा. पहिलं गेलं माझं शिवणाचं कपाट. दुसऱ्या दिवशी मला कात्री सापडेना. "धारदार वस्तू," साहेब पेपरातून मान वर न करता म्हणाले. बघते तर एका डब्यात दाढीची ब्लेडं, भाजी चिरायची सुरी आणि माझी कात्री गुण्यागोविंदाने नांदतायत. मी म्हटलं, "अहो, मी काय ब्लेडने कापड बेतू?" तर म्हणे, वर्गवारी म्हणजे वर्गवारी. रिकाम्या माणसाशी कोण वाद घालणार? आठवडाभर घर असं लखलखीत होतं की मला पाहुण्यासारखं अवघडून वावरावं लागत होतं.

ते घर खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीने पाहिलं. तिच्या दुकानात बटणं, अस्तरं आणि रिळं यांचा असा काला झाला होता की काळं बटण शोधताना गिऱ्हाईक निघून जायचं. तिने साहेबांना गळ घातली. साहेब गेले, आवरून आले. तिने मोबदला पुढे केला तर नको नको म्हणाले, पण ती कसली ऐकतेय! मग तिने तिच्या नणंदेला सांगितलं, नणंदेने तिच्या डॉक्टरांना. त्या दवाखान्याचं औषधांचं कपाट झालं, मग एका विधुराचं घर, मग कुणाची अडगळीची खोली. बघता बघता आमच्या साहेबांना हाताला काम मिळालं, आणि ते त्यांना येतही होतं. संध्याकाळी घरी आले की कपाटांचं वर्णन असं करायचे की ऐकत राहावं. कुठल्या फळीला कसा बाक आला होता, कुठल्या खणात लग्नातल्या भेटी अजून कागदासकट पडल्या होत्या. बोलता बोलता एकदम गप्प व्हायचे.

कारण त्यांना त्या कामाची लाज वाटायची. थोडीथोडकी नाही, जीव जाईल एवढी. "ज्याच्या सहीशिवाय कारखान्यातून खिळा हलत नव्हता," ते म्हणायचे, "तो आता लोकांच्या मोज्यांच्या जोड्या लावतो." निघताना हातात जुनी ऑफिसची बॅग, अंगात कडक कॉलर. एप्रन बॅगेच्या तळाशी, आणि तो गिऱ्हाइकाचं दार आतून लागल्यावरच बाहेर यायचा. एखाद्या इमारतीत ओळखीचं कुणी राहत असेल तर ते काम घ्यायचेच नाहीत. लग्नाकार्यात कुणी विचारलं, "सध्या काय चाललंय?" तर "सध्या जरा विश्रांती," म्हणायचे. कष्ट करून दमलेला माणूस विश्रांतीचं सोंग आणतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मीही काही कमी नव्हते. शेजारणीला मी "सल्लागार आहेत" म्हणून सांगून ठेवलं होतं. तिने विचारलं, "कसले?" मी म्हटलं, "मांडणीचे," आणि दूध उतू जात असल्याचं निमित्त करून आत पळाले.

आणि नेमकी मांजर आडवी यावी तशी माझी भावजय आडवी आली. साहेब एका घरी स्वयंपाकघरात स्टुलावर उभे राहून वरचा खण पुशीत होते. बाहेर पाहुणी आली, आवाज ओळखीचा. साहेब खाली उतरले आणि दाराआड जाऊन उभे राहिले. पाहुणी तिची तिची निघून जाईल, असा हिशेब. ती पाणी प्यायला आत आली.

"अय्या, दाजी! तुम्ही इथे?"

"सहज," साहेब म्हणाले. एका हातात फडकं, डोक्याला जळमट. "इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावून जावं."

ते घरी आले ते सरळ भिंतीकडे तोंड करून झोपले. धरणीने पोटात घ्यावं असं झालं, एवढंच म्हणाले. मी चहा करून दिला, तो तसाच निवला.

यानंतर लगेचच त्यांच्याकडे एका बाईंचं काम आलं. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. लेक दुसऱ्या गावी नोकरीला. ती सुट्टी काढून आली होती, तिनेच बोलावलं होतं. आईच्या स्वयंपाकघरात नाना आकारांचे, नाना रंगांचे, पोचे आलेले डबे, आणि कुठेही काहीही. लेकीला ते बघवत नव्हतं. तिने एका मापाच्या नव्या बरण्या आणून दिल्या. साहेबांनी एका दिवसात स्वयंपाकघर असं लावलं की लेकीने फोटो काढून मैत्रिणींना पाठवले. साहेबांच्या फोनवरही एक आला, तो मी पाहिला. दृष्ट लागावी असं दिसत होतं. साहेब मात्र त्याबद्दल घरी चकार शब्द बोलले नाहीत.

त्याच सुमाराला माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. भावजयीने घरी सांगितलंच असणार. भाऊ माझा गुणी आहे, पण त्याचा दयाळूपणा जरा मोठ्या आवाजातला असतो. "दाजी, माझ्या गोदामावर या," तो म्हणाला. "फाटकाशी केबिन आहे, टेबल, खुर्ची, पंखा. गाड्या आत येतात, बाहेर जातात, तुम्ही नुसतं बघायचं. लोकांची कपाटं उपसत हिंडायचं हे काय वय आहे तुमचं? आणि आता हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका."

नुसतं बघायचं! अख्खं स्टोअर चालवलेल्या माणसाने नुसतं बघायचं. मला राग आला, आणि खरं सांगते, हायसंही वाटलं. केबिन आहे म्हणजे शेजारणीला सांगता येईल. साहेबांनी पडत्या फळाची आज्ञा मानली. "सोमवारपासून येतो," म्हणाले. फोन ठेवून बराच वेळ अंगठ्याचं नख खात बसले.

त्याच आठवड्यात बाईंच्या लेकीचा निरोप आला, आता झोपायची खोलीही लावून द्या. साहेब म्हणाले, फोनवरच नाही म्हणून टाकतो. मी म्हटलं, "बाई वाट बघत असतील. समोर जाऊन सांगा, माणुसकी म्हणून." मग म्हणाले, तूही चल. शनिवारी सकाळी आम्ही दोघं गेलो.

बाई ताठ, पांढऱ्या केसांच्या, आवाज अजून वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत जाईल असा. आम्हाला बसवलं, साहेबांचं म्हणणं मान हलवत ऐकलं. "हरकत नाही," म्हणाल्या. "चहा घेतल्याशिवाय मात्र जायचं नाही." मी मदतीला उठले तर "बसा हो, पाहुण्या तुम्ही," म्हणून मला बसवलं.

आतून झाकणं उघडल्याचे आवाज येऊ लागले. एक उघडलं, मिटलं. दुसरं उघडलं, मिटलं. मधेच नाकाने हुंगल्याचा आवाज. एक झाकण खाली पडलं आणि गोल फिरत राहिलं. चहा करायला एवढ्या बरण्या कशाला लागतात, मला कळेना. साहेबांची मान हळूहळू ताठ होत चालली होती.

चहा आला. चहा कसला, भिंतीवर कागद चिकटवायची खळ! घोट तोंडात फिरवावा की गिळावा ते समजेना. साखरेचा पत्ता नाही. "बरा झालाय ना?" बाईंनी विचारलं. विचारताना त्या आमच्याकडे पाहत नव्हत्या, थोडं बाजूला, खिडकीकडे बघत होत्या. मी "छान, छान" म्हणाले. साहेबांनी कप खाली ठेवला आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. मी त्यांच्या मागोमाग.

ते फोटोतलंच स्वयंपाकघर होतं. एका मापाच्या बरण्या, एका रेषेत, प्रत्येकीवर साहेबांच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी. पण बहुतेक बरण्यांच्या झाकणांवर धूळ बसली होती. डाळी, तांदूळ, मसाले, कुणी हातच लावला नव्हता. ओट्यावर पावाची पुडी, केळी, बिस्किटं. बाई इतके दिवस त्यावर राहत होत्या. एकच कप्पा विस्कटला होता. मैदा, दुधाची पावडर, सोडा, पिठीसाखर, तांदळाचं पीठ. साहेबांनी सगळ्या पांढऱ्या पावडरी एका कप्प्यात लावल्या होत्या. वर्गवारी म्हणजे वर्गवारी. चहात दुधाच्या पावडरीऐवजी मैदा पडला होता.

बाई दारात येऊन उभ्या होत्या. साहेबांनी एक बरणी त्यांच्यासमोर धरली. "बाई, यावर काय लिहिलंय?"

"आता तुम्ही माझी परीक्षा घेणार का?" बाई हसल्या. मग हसू मावळलं आणि त्या चौकटीला टेकल्या. "मधलं सगळं गेलंय हो. कडेकडेचं तेवढं दिसतं. तुमचा चेहरा नाही दिसत मला, कान दिसतात."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"लेक उभी होती ना समोर. तिला कळलं असतं तर तिने मला त्याच दिवशी उचलून तिच्याकडे नेलं असतं. एकटी कशी राहणार म्हणून. माझे ते डबे होते तोवर माझं कुठे अडत नव्हतं. पोचेवाला साखरेचा, कडी तुटलेला चहाचा. हात गेला की कळायचं. तुम्ही एकदा जरी विचारलं असतं, बाई, हे कुठे ठेवू, तर ती बाहेर गेल्यावर हळूच सांगितलं असतं. पण तुम्ही तोंडच उघडलं नाही. मला वाटलं, फार मोठे तज्ज्ञ असतील, आपण मधे कशाला बोला."

साहेब स्टुलावर बसले. मी त्यांना कारखाना बंद झाला त्या दिवशी पाहिलंय, भावजयीने पकडलं त्या दिवशी पाहिलंय. असं कधी पाहिलं नव्हतं. तोंडावरचं रक्त उतरलं होतं.

"मला घाई होती," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "कुणी बघायच्या आत इथून निघायचं होतं. बाईंशी बोललो असतो तर त्यांनी विचारलं असतं, तुम्ही कुठले, आधी काय करत होता. म्हणून मान वर केली नाही." हातातली बरणी फिरवून पाहिली. "स्टोअरमध्ये दिवे गेले तरी माझा हात बरोबर डब्यावर जायचा. कारण प्रत्येक डबा वेगळा होता. आणि मी यांचे सगळे सारखे केले."

जनाची नाही तर मनाची तरी बाळगावी, असं आपण निर्लज्ज माणसाला म्हणतो. आमच्या साहेबांनी वर्षभर जनाची एवढी बाळगली की कामाकडे बघायलाही त्यांना सवड झाली नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण ते सल्लागाराचं सोंग मीही वाढवलं होतं, तेव्हा मी आपला सांडलेला मैदा पुसायला घेतला.

"जुने डबे टाकले का हो?" बाईंनी विचारलं.

"स्टोअरवाला काही टाकत नाही," साहेब उठले. डबे वर माळ्यावर होते, कागदात गुंडाळलेले. बॅग नेहमीसारखी बरोबर होतीच, तिच्यातून त्यांनी एप्रन काढला. सवयीने दाराकडे गेले. दार सताड उघडं होतं, जिन्यातून माणसं जात-येत होती. ते क्षणभर तिथे उभे राहिले. मग दार तसंच ठेवून परत आले आणि एप्रनच्या गाठी मारल्या.

मग प्रश्नांना जो ऊत आला! बाई, तुम्ही ओट्याशी कुठे उभ्या राहता? झाकण कुठल्या हाताने उघडता? वाकायला त्रास होतो का? रात्रीचं दूध कुठे ठेवता? बाई जागेवर उभ्या राहून नुसता हात लांबवायच्या आणि तो जिथे पोचेल तिथे साहेब डबा ठेवायचे. हात चुकला की डबा सरकायचा, हाताला कुणी चूक म्हणायचं नाही. मी बरण्या रिकाम्या करत होते. मैदा पार खालच्या फळीवर गेला, दुधाची पावडर चहाशेजारी आली. ओट्यावर, जमिनीवर डबेच डबे.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. चेहरा दिसणारा. बाईंनी सवयीने उचलला आणि मागचा सगळा पसारा तिला दिसला.

"हे काय चाललंय? काका, मी लावून घेतलेलं सगळं उपसलंत तुम्ही?"

साहेबांनी बाईंच्या हातून फोन घेतला. "माझं चुकलं होतं," ते म्हणाले. "मी तुमच्या आईंना न विचारता लावलं. ते दुरुस्त करतोय."

"आईला काय विचारायचं? तिने तर उकिरडा करून ठेवला होता! काका, तुम्ही नक्की करता काय? हे काम येतं का तुम्हाला? आधी कुठे होतात?"

वर्षभर ज्या प्रश्नाला ते दाराआड लपत होते तो असा तोंडावर येऊन आदळला, तोही ओरडून, तोही बायकोसमोर. त्यांचे कान लालबुंद झाले. बाईंच्या डोळ्यांचं सांगितलं असतं तर तिथल्या तिथे सुटका होती. ते सांगितलं नाही.

"मी हेच करतो," ते म्हणाले. "लोकांची घरं लावतो. आधी कारखान्याच्या स्टोअरला होतो. ज्याला माल काढायचा त्याला विचारून मांडायचं, एवढंच तिथे शिकलो, आणि इथे तेच विसरलो. तुमचं बोलणं बरोबर आहे."

लेकीने पुन्हा तोंड उघडलं. पण ती बोलायच्या आत बाईंचा वर्गातला आवाज आला. "त्यांना ओरडू नकोस गं. मला दिसत नाही."

मग लेक अगदी लहान मुलीच्या आवाजात म्हणाली, "कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. तू ये. पण न्यायला नको, बघायला ये. मी कशी राहते ते बघ, मग काय ते ठरव."

लेक रडत होती. बाई तिची समजूत काढत बाहेरच्या खोलीत गेल्या. साहेबांनी स्वतःचा फोन काढला आणि माझ्या भावाला लावला. हात पिठाने भरलेले, म्हणून फोन ओट्यावर ठेवून, स्पीकर लावून मोठ्याने बोलत होते. मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"मी सोमवारी येत नाही रे."

"का? काय झालं? दाजी, केबिन रंगवून घेतलीय मी."

"एका बाईंचं स्वयंपाकघर माझ्या हातून बिघडलंय. ते लावतोय. मग त्यांची झोपायची खोली आहे."

भाऊ हसला. "त्याला असा किती वेळ लागणार? एवढ्याशा कामापायी कुणी नोकरी सोडतं का? आणि चार लोकांत आम्ही काय सांगायचं?"

साहेबांची मान खाली होती. लाज गेली होती असं मी म्हणणार नाही, ती त्यांच्या मानेपर्यंत चढलेली मला दिसत होती.

"काय करतो ते सांग," ते म्हणाले. "या बाईंना त्यांच्या स्वयंपाकघरात सगळं दिसत होतं. मी येऊन त्यांना आंधळं केलं. हे काम एवढंसं नाही रे."

साहेबांनी कोपराने फोन बंद केला, पुन्हा स्टुलावर चढले आणि डबा मागायला माझ्यापुढे हात केला.